बत्तीस मावतात, वीस मावत नाहीत

"माझ्या सुनेला आज तीन वाजता कामावरून काढणार आहेत," त्या बाई दारातूनच म्हणाल्या, "आणि तिनं काहीही केलेलं नाही."

सकाळचे अकरा वाजले होते. भावजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. विमा कंपनीत पंचवीस वर्षं जळालेली दुकानं आणि भिजलेला माल तपासल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. कुणी 'काहीही केलेलं नाही' म्हटलं की त्यांचे कान टवकारत. निवृत्त झाल्यावर ते वहिनींच्या कचेरीत येऊन बसू लागले. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. त्यांनी दहा वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काम केलं होतं आणि आता त्या यंत्रांच्या भानगडी सोडवून देत. दोष यंत्राचा की माणसाचा, एवढंच त्या शोधायच्या. बाकीचं लोकांनी आपसात निस्तरायचं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "सुनेची बाजू घेऊन आलेली सासू या खुर्चीत पहिल्यांदाच बसतेय. पहिल्यापासून सांगा."

"बसायला वेळ नाही. सून रुग्णवाहिका केंद्रात आहे. लोक फोन करतात, तिथून गाडी निघते. तिथला मोठा संगणक ती सांभाळते. गेल्या रविवारी त्यात नवं कार्ड बसवलं. सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारची पाळी सुरू होताना सगळे फोन बंद पडले. तिन्ही वेळा खुर्चीत हीच. काल तिला घरी बसवलं, आणि काल काही बंद पडलं नाही."

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. हे प्रकरण उघड दिसत होतं.

"ती मुद्दाम कशाला करेल?" वहिनींनी विचारलं.

"नवं कार्ड घेऊ नका, असं तिनं लिहून दिलं होतं. म्हणून आता ते वाईट ठरवायला बघतेय म्हणे." बाईंचा आवाज जरा खाली आला. "गुरुवारी अकरा मिनिटं बंद होतं. एका माणसाच्या छातीत कळ आली होती. बायकोनं शेवटी त्याला टॅक्सीत घातलं. वाचला तो. पण हिच्या घशाखाली घास उतरत नाही. नोकरी गेली तर दुसरी मिळेल हो. पण माणसाच्या जिवाशी खेळली, हे नावावर लागलं तर ती उभी राहणार नाही."

वहिनी उठल्याच होत्या. "भावजी, गाडीची किल्ली."

*

केंद्राच्या दालनात बत्तीस टेबलं होती. प्रत्येकावर एक पडदा, एक फोन आणि एक छोटा दिवा. खरा संगणक मागच्या काचेच्या खोलीत होता आणि त्याच्या शेजारी त्याचं जुळं भावंड. तसंच मशीन, तसंच कार्ड, अडीअडचणीसाठी राखून ठेवलेलं.

"टेबलांवर संगणक नाहीतच," केंद्रप्रमुख म्हणाले. टापटीप, थकलेले गृहस्थ होते. "प्रत्येक टेबलाचा आभासी संगणक या एका मशीनच्या पोटात चालतो. रात्री आणि सकाळी बारा टेबलं, दुपारी वीस. मोठा अपघात झाला तर बत्तीस."

"आणि नवं कार्ड?"

"नेटवर्कचं. एकच कार्ड, पण ते बत्तीस असल्याचं सोंग घेतं. प्रत्येक आभासी संगणकाला वाटतं, आपल्याला स्वतंत्र कार्ड मिळालंय. किती सोंगं हवीत तो आकडा आपण टाकायचा." त्यांनी फाइल पुढे केली. "तिन्ही दिवसांच्या नोंदी यात आहेत. खातं तिचं, हात तिचा. आणि तिन्ही वेळा मशीननं एकच ओळ लिहिलीय. 'बस क्रमांक हद्दीबाहेर.' म्हणजे हद्द कुणीतरी हलवली."

"बुधवारच्या आणि शुक्रवारच्या नोंदी?"

"त्या दिवशी चालू होतं. ते कागद कशाला?"

"तरी काढून ठेवा. तीन वाजता चौकशी समिती बसेल तेव्हा लागतील. बुधवारी खुर्चीत कोण होतं?"

"तीच होती," प्रमुख नाइलाजानं म्हणाले. "पण बुधवारी सराव होता. बत्तीसही टेबलं उघडली, सगळं सुरळीत झालं. सगळ्यांसमोर तिला काही करता आलं नसेल. गुरुवारनंतर मी लेखी आदेशच काढला, नियमावलीत असेल तोच आकडा टाकायचा. शिवाय महिनाअखेर विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. नावं दोनच आहेत, तिचं आणि सकाळपाळीवाल्याचं. अशा वेळी जबाबदार माणूस कोण ते बघावं लागतं."

भावजी एव्हाना काचेच्या खोलीच्या कुलपावर वाकले होते. "वहिनी, इथे ओरखडे आहेत."

"कुलपावर ओरखडे असतातच, भावजी. किल्ली लागते ना त्याला."

"हे हद्दीबाहेरचं प्रकरण तरी सांगा. बस कसली?"

वहिनींनी फाइलच्या पाठीवर एक लांब रेघ ओढली. "संगणकाच्या आत जोडलेल्या प्रत्येक वस्तूला पत्ता लागतो. बस म्हणजे समजा गल्ली. गल्लीला क्रमांक, गल्लीतल्या घरांना क्रमांक. एका गल्लीत घरं दोनशे छप्पन, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. मशीन सुरू होताना कर्नल प्रत्येक कार्डाला विचारतो, बाबा रे, तुला किती गल्ल्या लागतील? तेवढ्या तो लिहून देतो. पुढे कुणी दुसऱ्याच्या गल्लीत पाय टाकला की हाकलून देतो."

"म्हणजे नगररचना खातं."

"हो, फक्त चिरीमिरी न घेणारं. आपल्या कार्डाला एकच गल्ली मिळालीय. पुढची साठवणीच्या कार्डाला."

"मग एका गल्लीत वीस घरं बसत नाहीत? दोनशे छप्पन आहेत की."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. ती चमक भावजींच्या ओळखीची होती. ती दिसली की दुपारचं जेवण हुकायचं.

*

पहिला कार्डवाला. कार्ड विकणाऱ्या कंपनीचा अभियंता, इस्त्रीच्या शर्टातला, हातात प्रमाणपत्र.

"आमचं कार्ड चोख आहे, मॅडम. रविवारी मी स्वतः तपासलं. एक आकडा टाकून पाहिलं, बत्तीस टाकून पाहिलं. दोन्ही टोकं ठीक."

"मधले आकडे?"

तो हसला. "टोकं ठीक असली की मधले आलेच. जिथे बत्तीस मावतात तिथे वीस न मावायला काय झालं?"

भावजींना हे पटलं. घरात बत्तीस पाहुणे झोपले असतील तर वीस झोपतीलच. जास्तच ऐसपैस झोपतील.

दुसरा सकाळपाळीवाला. त्याला सगळे निवांत म्हणत, आणि तो खुर्चीत बसलाही तसाच.

"काल दुपारी तुम्ही होतात?"

"तिला घरी बसवलं ना, मग कोण येणार? मी आलो."

"आकडा कितीचा टाकलात?"

"बत्तीस. ती टेबलं मोजत बसते, वीस म्हणजे वीस. मी जुन्या कार्डावरही तिच्या रजेला बत्तीसच टाकायचो. जास्तीची बारा पडून राहतात, त्यांना काय खायला घालायचंय?"

"पण प्रमुखांचा आदेश?"

"चालू राहिलं ना? चालू असलं की कुणी विचारत नाही."

"थेट बत्तीस टाकलात? एका फटक्यात आलं?"

"एका फटक्यात," निवांत म्हणाला. "हात असतो एकेकाचा."

तिसरी, टेबल क्रमांक वीसवर बसणारी. पन्नाशीची, घोगऱ्या आवाजाची, कानातलं यंत्र मानेवर ओढून बोलणारी. रात्रीच्या पाळीत ती आठव्या टेबलावर असते आणि दुपारी विसाव्या, असं तिनं सांगितलं. काल मात्र ती सकाळीच पहिल्या बारांपैकी एका टेबलावर बसली होती आणि तिथूनच थेट दुपारच्या पाळीत शिरली होती.

"पाळी बदलताना पडदा जातो का?" वहिनींनी विचारलं.

"जातो की. रोजच. पापणी लवावी तसा. गेला म्हणेपर्यंत येतो."

"काल?"

"काल बंद नाही पडला." ती थांबली. "पण पापणी नव्हती ती. जांभई होती. माझा कप ओठाला लावून खाली ठेवून झाला, मग आला. भोंगा नाही वाजला, अर्ध्या मिनिटावर गेलं तरच वाजतो."

भावजींनी वहीत लिहिलं: साक्षीदार चहा पिते. याहून जास्त त्यात काही दिसलं नाही.

*

सून केंद्राच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. तिला आत जायची मनाई होती. सहकारी तिला पट्टी म्हणत, कारण ती शाळेतल्या फूटपट्टीसारखी सरळ आणि आखीव होती. सासूबाई शेजारी डबा घेऊन बसल्या होत्या. डबा उघडलेला नव्हता.

"सोमवारचं सांग," वहिनी म्हणाल्या.

"आकडा बदलायचा तर आधी शून्य करावा लागतो. बाराचे थेट वीस होत नाहीत. शून्य केलं, वीस टाकले. नाकारलं. म्हणजे बारा गेले ते गेले, आणि वीस आले नाहीत. सगळं अंधारात. पुन्हा वीस टाकले, पुन्हा नाकारलं. शेवटी बारा टाकले, ते चालले. मंगळवारीही तसंच. गुरुवारी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, त्यात अकरा मिनिटं गेली, आणि वीस पुन्हा नाकारले."

"बत्तीस टाकून नाही पाहिलंस?"

तिनं वहिनींकडे अशी नजर टाकली जणू त्यांनी चालत्या बसमधून उडी मारायला सांगितलं होतं. "टेबलं वीस आहेत. नियमावलीत लिहिलंय, जेवढी टेबलं तेवढीच सोंगं. बुधवारी सरावाला बत्तीस टेबलं होती, म्हणून बत्तीस टाकले. वीस टेबलांना मी बत्तीस टाकत नाही."

"कार्डाला विरोध का केला होतास?"

"पुस्तिका अर्धीच दिली होती. अर्ध्या पुस्तिकेवर मी काही बसवत नाही."

"तुझ्याकडे काही लिहिलेलं आहे?"

तिनं पिशवीतून वही काढली. कार्ड सुरू झालं की प्रत्येक सोंगाचा घरक्रमांक ती उतरवून ठेवत असे. भावजी खांद्यावरून वाकून पाहू लागले. सोमवारच्या पानावर बारा आकडे होते: सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस, चौसष्ट, असे शेवटी एकशे ब्याण्णव. बुधवारच्या पानावर बत्तीस: सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, ते सत्तेचाळीस.

"सोमवारी घाईत लिहिलंय बहुतेक," भावजी म्हणाले. "मधले आकडे गाळलेत."

"मी आकडे गाळत नाही," पट्टी म्हणाली.

वहिनी दोन्ही पानांवर बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पेन मागितलं, वहीच्या कोपऱ्यात एक छोटा गुणाकार केला, आणि मोठ्यानं हसल्या. सासूबाई दचकल्या.

"भावजी, किती वाजले?"

"पावणेतीन."

"पुरे आहेत. मुली, चल आत. मनाई असू दे. तू माझी साक्षीदार आहेस."

*

समिती काचेच्या खोलीत भरली, कारण वहिनींनी तिथेच हट्ट धरला. प्रमुख, कार्डवाला, निवांत, दाराशी पट्टी, आणि कुणी न बोलावता आलेल्या सासूबाई. राखीव मशीन सुरू होतं. त्यावर एकही टेबल जोडलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाचा फोन तुटण्याची भीती नव्हती.

"भावजी, खुर्चीत बसा."

"मी?"

"तुम्हाला यातलं काही कळत नाही, हे सगळ्यांना दिसतंय. तुमच्याइतका निष्पक्ष हात इथे दुसरा नाही. बारा टाका."

भावजींनी बारा टाकले. हिरवं.

"आता शून्य, मग बत्तीस."

हिरवं.

"शून्य. आता वीस."

भावजींनी वीस टाकले. पडद्यावर लाल ओळ आली: बस क्रमांक हद्दीबाहेर.

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तिथेच होती.

"या मशीनला तिनं हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "खातं तिचं नाही, हात तिचा नाही. आता मी आधी सांगते आणि भावजी नंतर टाकतील. पंधरा चालतील. सोळा पडतील."

भावजींनी टाकून पाहिलं. पंधरा: हिरवं. शून्य. सोळा: लाल.

"हे तुम्हाला कसं कळलं?" कार्डवाल्याचा आवाज बदलला होता.

"तुमचं प्रमाणपत्र वाचून नाही. तिची वही वाचून." वहिनींनी वही टेबलावर उघडली. "बारा मागितले तेव्हा तुमच्या कार्डानं घरं कशी दिली? सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस. दर घरामागे सोळाचं अंतर. बत्तीस मागितले तेव्हा? सोळा, सतरा, अठरा, भिंतीला भिंत लावून. आकडा बदलला की कार्ड अंतर बदलतं. कुठल्या आकड्यापर्यंत ऐसपैस आणि कुठून दाटी, ते तुम्ही सांगा. तुमच्या पुस्तिकेच्या राहिलेल्या अर्ध्या भागात असेल."

"चोवीस," तो म्हणाला. "चोवीसपर्यंत प्रत्येकाला जास्त रांगा, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, देतो, म्हणून मोकळं बसवतो. पंचविसापासून दाटीनं. नियमात बसतं ते. पण त्याचा याच्याशी…" त्याचे ओठ हलत होते. गुणाकार चालला होता.

"मोठ्यानं करा," वहिनी म्हणाल्या.

"पहिलं सोळावर. विसावं त्याच्यापुढे एकोणीस अंतरं. एकोणीस सोळे तीनशे चार. अधिक सोळा, तीनशे वीस."

"आणि गल्ली संपते दोनशे पंचावन्नला. पंधरावं घर दोनशे चाळीसवर, आत. सोळावं दोनशे छप्पनवर, एका घरानं बाहेर. पुढची गल्ली साठवणीच्या कार्डाची. कर्नलनं हाकललं, आणि बरोबर हाकललं."

"मग कर्नलनं सुरुवातीलाच दोन गल्ल्या का नाही दिल्या?" प्रमुखांनी विचारलं.

"कारण त्यानंही तीच चूक केली, जी या खोलीतल्या सगळ्यांनी केली. मशीन सुरू होताना त्यानं कार्डाला एकच प्रश्न विचारला: बत्तीस मागितले तर किती जागा लागेल? कार्ड म्हणालं, सत्तेचाळीसपर्यंत. एक गल्ली पुष्कळ झाली. कर्नल लिहिणाऱ्यानं धरून चाललं की सर्वांत जास्त आकड्याला सर्वांत जास्त जागा. या कार्डवाल्यांनी दोन टोकं तपासली. आमच्या भावजींनी पाहुणे झोपवले. दाटीनं झोपलेले बत्तीस एका खोलीत मावतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र पलंग दिला की वीस मावत नाहीत."

भावजींनी मान खाली घातली. पाहुण्यांबद्दल ते मोठ्यानं बोलले नव्हते. पण वहिनींना ते नेहमीच ऐकू जायचं.

"म्हणजे माणसाचा काही दोष नाही," निवांत उठत म्हणाला. "चला, बरं झालं."

"बसा. यंत्राचा दोष सांगून झाला, माणसाचा राहिलाय." वहिनींनी प्रमुखांकडे हात केला. "शुक्रवारचा कागद."

प्रमुखांनी कागद दिला. त्यांनी तो वाचलेला नव्हता, हे त्याच्या घडीवरून दिसत होतं.

"रोज आकडा बदलताना पडदा पापणीसारखा लवतो. काल तो जांभईसारखा गेला. कपातला घोट घेऊन कप खाली ठेवेपर्यंत. एका फटक्यात बत्तीस टाकले असते तर पापणीच लवली असती. म्हणजे मध्ये आणखी काहीतरी टाकलं गेलं, आणि ते पडलं. आदेश नवा होता, तुम्ही आधी तो पाळलात." त्यांनी कागद वाचला. "चार वाजून शून्य मिनिटं, दोन सेकंद: शून्य. सहा सेकंद: वीस, नाकारलं. एकोणीस सेकंद: बत्तीस, मान्य. खातं सकाळपाळीचं."

निवांतनं खिडकीकडे पाहिलं. "मला कारण कुठे माहीत होतं?"

"कारण माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण वीस तुमच्याही हातून पडतात हे काल चार वाजता तुम्हाला कळलं होतं. आणि बत्तीसनं उठतं हेही. एक फोन केला असतात तर ही मुलगी रात्री झोपली असती. तुम्ही गप्प बसलात, कारण महिनाअखेरची जागा एकच आहे."

सासूबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. भावजींना वाटलं, आपल्याकडे कुणी कधी असं पाहू नये.

"आता दुरुस्ती?" प्रमुखांनी विचारलं. विचारताना ते वहिनींकडे वळले होते, पण उत्तर दाराशी उभ्या पट्टीकडून आलं.

"कर्नलनं एकच आकडा विचारायचा नाही. एकापासून बत्तीसपर्यंत प्रत्येक आकडा कार्डात घालून बघायचा, शेवटचं घर कुठे जातं ते मोजायचं, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या गरजेइतक्या गल्ल्या राखायच्या. चोवीसला तीनशे चौऱ्याऐंशी. म्हणजे दोन गल्ल्या. दहा-बारा ओळींचा बदल आहे." ती जरा घुटमळली. "मी करू?"

वहिनींनी भावजींना खुर्चीतून उठायची खूण केली.

पट्टी बसली. वीस मिनिटं फक्त बटणांचा आवाज होता. वहिनी शेजारी उभ्या राहून वाचत होत्या, एकदा त्यांनी बोट ठेवलं, पट्टीनं एक चिन्ह बदललं. राखीव मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. साठवणीचं कार्ड एक गल्ली पुढे सरकलेलं होतं. मग तिनं एक टाकला, शून्य केलं, दोन टाकले, शून्य केलं, तीन टाकले. कार्डवाला प्रत्येक हिरव्या ओळीला प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खूण करत गेला. सोळाला त्याचं पेन थांबलं. हिरवं. विसाला भावजी पडद्यावर वाकले. हिरवं. चोवीस. हिरवं. बत्तिसाव्या खुणेनंतर त्यानं तो कागद पट्टीपुढे सरकवला. "सही तुम्ही करा. तपासणी तुमची आहे."

चार वाजायला पाच मिनिटं होती.

"दुपारची पाळी याच मशीनवर उघडूया," प्रमुख म्हणाले. "जुनं शेजारी बत्तीसवर तयार ठेवा. काही झालं तर टेबलं तिकडे वळवू." मग त्यांनी घसा साफ केला. "समितीचा निर्णय मी लेखी देईन. गुरुवारच्या आदेशाबद्दलही काही लिहावं लागेल मला. पण आधी पाळी उघडा."

"कोणी?" पट्टीनं विचारलं. तिला ते ऐकायचंच होतं.

"तुम्ही."

काचेपलीकडे दुपारची माणसं आपापल्या टेबलांशी येत होती. भावजी काचेला नाक लावून उभे राहिले. सासूबाई त्यांच्या शेजारी.

मधल्या पाच मिनिटांत पट्टीनं चालू बारा टेबलं राखीव मशीनवर घेतली होती आणि जुनं बत्तीसवर ठेवलं होतं. चारला तिनं शून्य टाकलं. दालनातले बारा हिरवे दिवे एकदम गेले. तिनं वीस टाकले.

दिवे एका टोकापासून लागत गेले. पाच, नऊ, बारा, मग तेरावा, जो या आठवड्यात तिच्या हातून एकदाच लागला होता. सोळावा. अठरावा. विसावा. घोगऱ्या आवाजाच्या बाईंनी कानातलं यंत्र वर चढवलं, आणि त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला.

"बोला," त्या म्हणाल्या. मग ऐकत राहिल्या, दुसऱ्या हातानं भराभर लिहीत. "हो. श्वास घेतायत ना? बरं. गाडी निघाली आहे. फोन ठेवू नका."